‘एस’ दाबला की सा येत नाही

भडगावच्या माणसाला शॉर्टकट शिकवावा लागत नाही. गिरणा आटली की तो पुलाकडे बघतसुद्धा नाही. सरळ पात्रात उतरतो आणि वाळूतून पलीकडच्या गावाला लागतो. गावात रेल्वे नाही, गाडी धरायची तर कजगाव नाहीतर पाचोरा गाठावं लागतं. तेव्हा कोणत्या बांधावरून मोटारसायकल काढली की फाटा चुकवता येतो, हे दहावी नापास पोरालाही तोंडपाठ असतं. पंगतीत वाढपी कोणत्या टोकाकडून निघणार हे हेरूनच इथला माणूस मांडी घालतो. आता याच माणसाला कॉम्प्युटरपुढे बसवा. हातात माऊस आला की अंगातलं सगळं शहाणपण तो चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. फाइलमध्ये डोकावतो, तिथून एडिटमध्ये, तिथून व्ह्यूमध्ये, प्रत्येक दारात थांबून चौकशी करत करत शेवटी निघाला होता तिथेच परत येतो, आणि वर म्हणतो, “मशीन स्लो आहे.”

हे मी बघतो ते एका संगीत वर्गात. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तो भरतो आणि मी तिथे ठेका धरायला जातो. वर्ग चालवणारे आबा शाळेतून निवृत्त झालेले. पेटीवर हात उत्तम. काळी दोन सोडून दुसऱ्या कुठल्या पट्टीत देव भेटत असेल यावर त्यांचा विश्वास नाही. विद्यार्थी येतात ते मुख्यतः अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि एखादी जिद्दीची मुलगी विशारदपर्यंत. परीक्षेत गाऊन दाखवायचं असतं तसं लिहूनही दाखवायचं असतं, आणि लिहायचं म्हणजे स्वरलिपी.

स्वरलिपीच्या बाबतीत आपल्याकडे दोन विष्णू होऊन गेले. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि जी लिपी बनवली तिच्यात मात्रेच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं चिन्ह दिलं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) वकील होते. वकील असूनही त्यांनी कागद सोपा ठेवला, ही त्या पेशाच्या इतिहासातली दुर्मीळ घटना म्हणायची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. संपलं. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग एवढ्या भांडवलावर उभे आहेत. अभ्यासक्रमात दोन्ही लिपी शिकाव्या लागतात, पण वहीत रोजच्या वापराला भातखंडेच येतात. ज्याची बोटं कमी दमतात तो जिंकतो, हे कॉम्प्युटर यायच्या आधीच ठरून गेलं होतं.

शाईतली ही लिपी की-बोर्डावर आली तेव्हा मजा सुरू झाली. वर्गाच्या नोट्स आधी खालच्या दुकानात टाइप होत. दुकानातला पोऱ्या मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा पास झालेला. प्रतिज्ञापत्र डोळे मिटून बडवतो. आबा म्हणाले, कोमल गंधाराखाली रेघ दे. त्याने कंट्रोल यू दाबून दिली. दोघेही खूश. पण टायपिंगच्या प्रोग्रॅमला आपल्याला शुद्धलेखन कळतं असं वाटत होतं. ‘गमपधनिसा’ असा शब्द त्याच्या कोशात नव्हता, म्हणून त्याने अख्ख्या ओळीखाली आपली लाल नागमोडी रेघ ओढली. छापताना ती उमटत नाही हे खरं. पण छापून येईपर्यंत आजकाल थांबतं कोण? एका मुलीने स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बिलावल गायला बसला तो सगळे स्वर कोमल लावून. रे, ग, ध, नि कोमल एक वेळ समजू शकतो, भैरवी म्हणून पोटात घालू. पण पोरं षड्ज आणि पंचमसुद्धा उतरवायला बघत होती. या दोघांना शास्त्राने अचल म्हटलं आहे. त्यांना जागचं हलवायचं धाडस आजवर एकाही घराण्याला झालं नव्हतं.

टिंबांची तऱ्हा आणखी वेगळी. तार सप्तकातल्या स्वरावर टिंब दिलं की मराठीत त्याचा अनुस्वार होतो. सां, रें, गं, पं. नवीन मूल ओळ वाचताना ‘गं’ला लाडाने हाक मारतं आणि ‘पं’ला नमस्कार करतं. मंद्रातल्या धैवताखाली टिंब दिलं की तो उर्दूतून आल्यासारखा दिसतो. पोऱ्या मात्र चिकाटीचा. त्याने शोधून काढलं की युनिकोडमध्ये वैदिक स्वरांची चिन्हं आहेत. अक्षराखाली आडवी रेघ आहे, ती अनुदात्ताची, आणि अक्षरावर उभी रेघही आहे. या रेघा लावल्या की कोमल गंधार ‘ग॒’ आणि तीव्र मध्यम ‘म॑’ असा भातखंड्यांच्या मनासारखा उमटतो. म्हणजे ऋग्वेदासाठी केलेली सोय भडगावात यमनच्या कामी आली. आबांनी विचारलं, “छान. पण हे बटण कुठे आहे?”

“बटण नही शे आबा. कोठून बी कॉपी करानं नि आठे पेस्ट करानं.”

कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही ही जोडी तालुक्याला मुखोद्गत आहे. वार्षिक अहवाल नावाचा वाङ्मयप्रकार तिच्यावरच तगून आहे. पण एकेक कोमल स्वर दुसरीकडून उचलून आणायचा तर भीमपलासी लिहायला उन्हाळ्याची सुट्टी पुरायची नाही.

मग आबांचा पुण्यातला भाचा सुट्टीला आला आणि जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेला. त्यात म्युझस्कोर. पाश्चात्त्य पाच रेघांवर स्वर लिहायचा प्रोग्रॅम. वेर्नर श्वेर नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरने २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली आणि तो फुकट आहे. ‘फुकट’ ऐकल्यावर आबांनी पुढचं ऐकलं नाही. शाळेचं बँडपथक सांभाळल्यामुळे पाच रेघा त्यांना वाचता येत होत्याच. शिवाय यात एक मोठी सोय होती. लिहिलेलं वाजतं. भातखंड्यांचं पान कितीही नीट लिहिलं तरी ते गप्प बसतं. इथे स्पेस बार दाबला की कागद गायला लागतो आणि विद्यार्थी घरी ऐकून तयारी करू शकतो.

भाचा एसटीत चढता चढता म्हणाला, “मामा, माऊसला हात लावू नका. बटणं पाठ करा. एकदा बसली की पेटीसारखंच.”

आबांनी हे वाक्य शब्दशः घेतलं. पेटीसारखं म्हणजे सा हवा तर सा. त्यांनी एस दाबला. सा आला नाही, स्वरांवर एक कमान आली. कारण एस म्हणजे स्लर, आपल्या हिशेबाने मींड. आर दाबला. रे आला नाही, निवडलेला तुकडाच पुन्हा उमटला. जी दाबला तेव्हा एक सूर उमटला खरा, पण तो गंधार नव्हता, पंचम होता. कारण पाश्चात्त्यांचा सा ‘सी’वर असतो आणि तिथून जी पाचवा. एम दाबल्यावर रिकाम्या मापांचा एकच गठ्ठा झाला. पी दाबला तर पंचमाऐवजी स्क्रीनच्या तळाला अख्खी पेटी उघडली, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांसकट. आबा तिच्याकडे बघत राहिले. डी दाबला, धैवत मागितला होता, मिळाला रिषभ. एन दाबला, निषाद नाही. एनने लिहायचं दार उघडतं, पुन्हा दाबला की बंद होतं. सात सुरांची सात बटणं. त्यांतली दोनच सूर देतात, आणि तेही दुसऱ्याचे.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्यांच्या मुलखात सुरांची नावं ए ते जी अशी आहेत. पण आमच्या खोलीत त्यामुळे सा-ला तीन पत्ते झाले. आबांचा सा ‘एस’वर, प्रोग्रॅमचा ‘सी’वर, आणि इन्स्क्रिप्ट शिकलेल्या पोऱ्याच्या बोटाखालचा स ‘एम’वर. त्याला ‘सी’ दाबायला सांगितलं तर त्याच्या बोटांना तिथे म लागतो. तिघे एका लॅपटॉपपुढे बसले की पहिला सूर लागेपर्यंत चहा येऊन जायचा.

मात्रांचं गणित मात्र आबांना एका बैठकीत जमलं, आणि भाच्यापेक्षा लवकर. पाच दाबलं की एक मात्रा, चार दाबलं की अर्धी, तीन दाबलं की पाव, सहा दाबलं की दोन. आणि टिंब दिलं की मूळची दीडपट. आजच्या मुलाला वाटतं, पाच म्हणजे एक कसं? आबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी छडीखाली घोकलेली. पाचाला एक म्हणा सांगितलं तर ते म्हणणार, आणि वर त्याची अडीचकीही म्हणून दाखवणार.

घोटाळा झाला तो फिरण्यात. लिहिलेल्या गाण्यात इकडून तिकडे जायचं कसं? उजवा बाण दाबला की पुढचा सूर, डावा दाबला की मागचा. कंट्रोल धरून बाण दाबला की एकेक माप ओलांडता येतं. कंट्रोल होम दाबलं की गाण्याच्या तोंडाशी, कंट्रोल एंड दाबलं की शेवटाला. इथवर ठीक. आता खालच्या ओळीत जायचं म्हणून खालचा बाण दाबायचा, ही अख्ख्या जगाची सवय. इथे खालच्या बाणाने ओळ बदलत नाही, सूर अर्ध्या पायरीने उतरतो. शुद्ध गंधार कोमल होतो. आणखी एकदा दाबला की रिषभ. खालच्या ओळीत उतरायचं तर अल्ट धरून बाण दाबावा लागतो, आणि अल्ट हे बटण भडगावात आजवर कोणी स्वखुशीने दाबलेलं नव्हतं. आबांनी यमनची एक बंदिश फार मायेने लिहिली होती. येता-जाता प्रत्येक फेरीत तिचा एखादा गंधार, एखादा निषाद उतरत गेला. तिच्यात यमनचं काही उरलं नाही तेव्हा आबांनी वर रागाच्या नावापुढे ‘मिश्र’ लिहून टाकलं.

त्यात त्यांचा डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर असतो, उजवा पट्ट्यांवर. लॅपटॉपपुढे बसले की उजवं बोट बटणावर पडायचं आणि डावा हात आपोआप स्क्रीनच्या पाठीमागे जाऊन ती पुढे-मागे करू लागायचा. विलंबितात सावकाश, द्रुतात भराभर. समोर बसलेल्या मुलांना अक्षरं मोठी-लहान होताना दिसायची. बिजागरी ढिली झाली, स्क्रीन मान टाकू लागली, तेव्हा भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, डावा हात कंट्रोलवर ठेवा. दाबून धरा. सोडू नका. तोच तुमचा भाता.” या एका वाक्याने जे झालं ते पाच-सहा व्हिडिओंनी झालं नसतं. डाव्या हाताला काम मिळालं. आबा कंट्रोल धरून मापामागून माप असे निघाले की माऊसला दोन दिवस कोणी विचारलं नाही; तिसऱ्या दिवशी त्यावर तबल्याची हातोडी ठेवलेली होती.

एवढं झालं तरी एक मोठी अडचण उरलीच, आणि ती बटणांची नव्हती, पत्त्याची होती. कंट्रोल एफ दाबलं की प्रोग्रॅम विचारतो, कुठे जायचं? आकडा लिहा, त्या मापावर जा. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे फार सोयीचं. कंडक्टर म्हणाला, सदतिसाव्या बारपासून, की सगळे तिथून उठतात. त्यांचं संगीत एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतं. आपलं गाणं तसं सरळ जातच नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरतात, सम येते, जाते, परत येते. तिला नंबर कोण देणार? तालमीत कोणी ‘चोविसावं माप घ्या’ म्हणत नाही. ‘मुखड्यावर या’ म्हणतात, ‘अंतरा उचला’ म्हणतात, ‘तिहाईपासून’ म्हणतात. पोऱ्याने एकदा आबांना विचारलं, कितवं माप लिहू?

“समेच्या अलीकडचं.”

“कोणत्या समेच्या?”

“जिथे वन्समोअर येतो ती.”

या बाबतीत खरा दर्दी माणूस म्हणजे आमचे बँडवाले बापू. क्लॅरिनेट वाजवतात. आषाढ लागला, लग्नं थांबली की गोडाउनमध्ये बसून पुढच्या हंगामाची गाणी बसवतात. कागदाचा तुकडा नाही. मोबाइलवर गाणं ऐकायचं आणि उचलायचं. पण वरातीत बापूंचं फिरणं बघण्यासारखं असतं. क्लॅरिनेटचं तोंड वर गेलं की अंतरा, खाली आलं की मुखडा. नवरदेवाचा मामा नोट काढून ओवाळायला लागला की मुखडा पुन्हा, पुन्हा, जोवर खिसा उघडा तोवर पुन्हा. आमच्या प्रोग्रॅममधलं आर ते हेच. वरात मारुतीच्या पारापाशी थांबली की गाणं तिथेच थबकतं, नमस्कार झाला की त्याच मात्रेवरून पुढे. आणि मांडवाचं दार दिसलं की गाणं कुठेही असो, पहिल्या अंतऱ्यात असो की मधल्या तुकड्यात, बापू एक हात वर करतात आणि ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम सगळे एकदम शेवटच्या ओळीवर उडी मारतात. एकही मागे राहत नाही. कंट्रोल एंड आणखी काय वेगळं करतं? फक्त बापूंकडे कंट्रोल झेड नाही. भोंग्यातून गेलेला सूर परत बोलावता येत नाही, म्हणून ते पाठवतानाच जपून पाठवतात.

बापू एकदा वर्गात डोकावले. पाच रेघांवरचे काळे ठिपके बघून म्हणाले, “हाई काय शे भो?”

“गाणं आहे, बापू.”

“मंग वाजव ना.”

स्पेस बार दाबला. लॅपटॉपने अख्खं गाणं एका दमात, एकाही मात्रेची कसर न ठेवता वाजवून दाखवलं. बापूंनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, “ताल सुटत नही. पण पोऱ्या जेयेल नही वाटस.”

बोटांची ही लढाई आमच्या खोलीपुरती नाही. इंग्लंडमधल्या फिन आडनावाच्या जुळ्या भावांनी १९९३ साली ‘सिबेलियस’ बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं फिनलंडच्या संगीतकाराचं. त्यात निम्मा कारभार की-बोर्डाच्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीवर चालतो. ज्या लॅपटॉपला ती चौकट नाही त्याच्या मालकाने काय करायचं, यावर लोकांनी पुष्कळ डोकं खपवलं आहे. २०१२ मध्ये मालक कंपनीने सिबेलियसचं लंडनचं ऑफिस बंद केलं. तिथली मंडळी स्टाइनबर्ग कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये ‘डोरिको’ घेऊन आली. या सगळ्यांच्या आधीचं, १९८८ चं, ‘फिनाले’. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने जाहीर केलं की आता यावरचं काम थांबलं. मोठमोठे संगीतकार, नाटकवाले, सिनेमावाले पस्तीस वर्षं त्याच बटणांवर घडले होते. फाइली एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येतात. बोटं नेता येत नाहीत. साठीला आलेल्या माणसाचं बोट ज्या बटणाकडे आपसूक जातं तिथे आता दुसरंच काहीतरी राहायला आलेलं असतं. भातखंड्यांच्या फुलीला आणि शून्याला शंभर वर्षांत अपडेट आलेलं नाही, ही गोष्ट आबा हल्ली फार ऐकवतात.

पण या सगळ्या गोंधळात एक मुलगा कधीच हरवला नाही. तो दृष्टिहीन आहे. मध्यमाला बसलाय, गळा गोड आहे आणि माऊसला त्याने कधी हात लावलेला नाही. स्क्रीनवरचा बाणच दिसत नाही तर माऊस हलवून काय करायचं? कानाला इअरफोन, बोटं बाणांवर. तो एकेक पाऊल पुढे टाकतो आणि स्क्रीन-रीडर त्याला सांगत जातो की सूर कोणता, लांबी किती, माप कितवं, ठोका कितवा. म्युझस्कोरमध्ये २०२३ पासून लिहिलेलं ब्रेलमध्ये दाखवणारी पट्टीही आली आहे. आम्ही डोळसांनी शॉर्टकट हा वेळ वाचवायचा प्रकार मानला. त्याला दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून तो रस्ता त्याने पुरता पाठ केला. आता ओळी वर-खाली होऊन आबा भांबावले की त्यालाच विचारतात, “कुठे आलो रे आपण?” आणि तो सांगतो.

पत्त्याचा तिढाही त्यानेच सोडवला. गाण्याच्या महत्त्वाच्या जागांवर खुणेच्या पाट्या लावायची सोय या प्रोग्रॅममध्ये आहे. पाश्चात्त्य लोक तिथे ए, बी, सी लिहितात. त्याने ‘मुखडा’, ‘अंतरा’, ‘तिहाई’ लिहायला लावलं. कंट्रोल एफच्या चौकटीत आकड्याऐवजी या पाट्यांची नावंही चालतात. ‘मुखडा’ लिहा, एंटर दाबा, मुखड्यावर जा. आबा तीनदा गेले आणि तीनदा परत आले, नुसतं जाऊन येण्याच्या आनंदासाठी.

मग त्याने सर्वांत मोठं काम हाती घेतलं. प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकटची यादी असते, तिथे हवं ते बटण हव्या त्या कामाला लावता येतं. सा-रे-ग-म-प-ध-नि यांची इंग्रजी आद्याक्षरं लिहून बघा. एस, आर, जी, एम, पी, डी, एन. एकही दुसऱ्यावर चढत नाही. ही सप्तकाची कृपा. सातही सूर आपापल्या अक्षरावर बसवले. त्यासाठी स्लर, पुनरावृत्ती, मापांचा गठ्ठा, पेटी आणि लिहायचं दार, असे पाच जण बेघर झाले. पण ए, बी, सी, ई आणि एफ ही पाश्चात्त्य सुरांची पाच बटणं आता मोकळी होती. पाच गेले, पाच आले. हिशेब चोख जुळला. खालच्या पोऱ्याने हे ऐकून वर येऊन स्वतः बोटांवर मोजून बघितलं.

राहता राहिली आबांची काळी दोन. यादीतला सा पांढरी एकमधला, आणि पांढरी एकमध्ये आबांना झोप लागत नाही. तेव्हा सगळं लिहून झालं की कंट्रोल ए दाबून अख्खं गाणं निवडायचं आणि वरचा बाण तीनदा. पांढरी एकवरून काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. यमनची वाट लावणारा तोच बाण. आता आबा तो सम गाठल्याच्या थाटात दाबतात, तिसऱ्यांदा जरा जोरात.

एवढं सगळं जुळलं आहे. वर्गातली मुलं एन दाबतात आणि निषाद लागतो. ती उद्या जळगावच्या नाहीतर पुण्याच्या कॉलेजात दुसऱ्या मशीनवर बसतील तेव्हा काय व्हायचं ते होईल, तिथे त्यांना आणखी एक यादी पाठ करता येईल, वय आहे. कोणाला आपल्या वर्गात हे करायचं असेल तर खुशाल करावं, फक्त जुनी बटणं कुठे नेऊन ठेवली ते भिंतीवर लिहून ठेवावं. आणि आमच्या वर्गात येणाऱ्या पाहुण्यांना, विशेषतः लॅपटॉप दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या सर्व भाच्यांना, पुतण्यांना आणि जावयांना एकच नम्र विनंती: शॉर्टकटच्या त्या यादीखाली सगळं मूळपदावर आणणारं एक रीसेटचं बटण आहे, त्याला कृपया हात लावू नये.